दर सोळावं पान

“केराक्का, हात थांबलाय तुझा,” ताहेरा सुईवरची नजर न काढता म्हणाली. “मालक काचेतनं बघायलाय.”

मी पट्टी कागदावरून फिरवली, घडी दाबली, फर्मा डावीकडच्या थप्पीवर टाकला आणि नवा कागद ओढला. त्याच्यावरही तेच पान. ‘तो आजही कोपऱ्यावर उभा होता.’ सकाळपासून हे वाक्य दोनेकशे वेळा माझ्या डोळ्यांखालून गेलं असेल. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते मला न अडखळता वाचता यायला लागलं.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात शिरोळकरांचं बाइंडिंग होतं. तिथं मी अठरा वर्षं कागदांच्या घड्या घातल्या. अंगठा आडवा वाढला, तळव्यांना घट्टे पडले, पण हातांखालून जे जातंय त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मग साक्षरतेची मोहीम आली. म्युनिसिपालिटीच्या शाळेत संध्याकाळी वर्ग भरायचा, लहान पोरांच्या बाकांवर आम्ही गुडघे दुमडून बसायचो. त्रेचाळिसाव्या वर्षी मी ‘क’ला काना दिला. आणि वर्ग संपल्यावर पहिलं मोठं पुस्तक हाताखाली आलं ते हे.

पुस्तक म्हणजे तुम्हाला वाटतं तसं नव्हे. प्रेसमधून येतात ते मोठाले कागद. एका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. त्या कागदाला तीनदा घडी घातली की पानं आपापल्या जागी बसतात. त्याला आम्ही फर्मा म्हणायचो. घडी झाली की वर फक्त पहिलं पान दिसतं, शेवटचं खाली तोंड करून थप्पीवर जातं. आतली पानं बघायची तर कडा बंद असतात. त्या कापल्या जातात अगदी शेवटी, शिलाई झाल्यावर. म्हणजे घडी घालणाऱ्या बाईला एका फर्म्यातलं एकच पान वाचता येतं, पण तेच पान दिवसभर. उद्या पुढचा फर्मा येतो, मधली पंधरा पानं गिळून. पुस्तकाचं नाव आणि कव्हर तर सगळ्यांत शेवटी छापून यायचं, त्यामुळे पुस्तक कसलं आहे तेही ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते. तोवर मी छापलेलं जे काही वाचलं होतं ते सगळं खरं होतं. रेशनकार्डावरचं माझं नाव खरं. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला खरा. बुधवारी पाणी येणार नाही म्हणून नोटीस लागली की बुधवारी नळ कोरडा. गोष्टी काय त्या तोंडाने सांगायच्या असतात, त्यांत वाघ बोलला तरी चालतं. पण एवढा कागद खर्च करून, अक्षरांचे खिळे जुळवून कुणी खोटं कशाला छापेल? शिवाय त्या पानांवर आमचंच गाव होतं. बिंदू चौक होता, पापाची तिकटी होती, महाद्वार रोड होता. नलू नावाची एक मुलगी होती आणि तिच्या मागे एक माणूस होता. माझी खात्री झाली की आपल्या गावातल्या कुणा पोरीच्या बाबतीत घडलेलं हे प्रकरण आहे.

दुसऱ्या फर्म्यावर नलू बांगड्यांच्या दुकानात शिरली, दुकानदाराला विनवून मागच्या दारानं बाहेर पडली आणि बोळ ओलांडून हमरस्त्याला लागली, तर तो तिथं शेंगा सोलत उभा. ‘शेंगा खाणार?’ असा त्याचा चेहरा होता, असं लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी माझी उर्मिला पाऊण तास उशिरा आली.

उर्मिला माझी एकुलती एक. एकोणीस वर्षांची. आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला होती, घरांचे नकाशे काढायला शिकत होती. वर्गात चौदा पोरं आणि ती एकटी मुलगी. तिला तिथं घालायचं म्हणून मी माझ्या दिरांपुढे आठवडाभर पदर पसरला होता. नवरा गेल्यावर आम्ही दिरांच्याच घरात राहत होतो, उत्तरेश्वर पेठेत. दीर, उर्मिलेचे तात्या, वाईट नव्हते. पण शब्दाचे एकमार्गी. ॲडमिशनच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी पेन हवेतच धरलं होतं आणि म्हणाले होते, “वहिनी, आज सही करतो. पण पोरीचं नाव रस्त्यावर आलं, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्स बंद आणि हळद. मग रडायचं नाही.” मी मान हलवली होती.

“रंकाळा स्टँडवर उतरून सरळ यायचं सोडून इकडनं कुठनं आलीस?” मी विचारलं. ती महाद्वारच्या बाजूनं आली होती.

“बांगड्या बघत होते.”

मी तिच्या हातांकडे पाहिलं. शाईची रेघ पुसते म्हणून ती वर्ष झालं बांगडी घालत नव्हती.

दोन दिवसांनी चौथ्या फर्म्यावर नलूनं ताट तसंच सारलं आणि पोट दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली. आमच्या घरात उर्मिला आधीच तीन दिवस तसं करत होती. तिच्या आवडीचा झुणका केला, तर दोन घास खाऊन म्हणाली, “पोट बरं नाही गं आई.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती एवढी दचकली की माझाच हात मागे आला.

तेव्हापासून मला उद्याच्या फर्म्याची धास्ती वाटायला लागली. सकाळी प्रेसची हातगाडी बोळात वळली की चाकांच्या आवाजानंच माझे तळवे ओले व्हायचे. ओल्या हातानं कागद खराब होतो, म्हणून मी हात पदराला पुसत बसायचे. पाचव्या फर्म्यावर नलूच्या मैत्रिणी तिला म्हणत होत्या, ‘किती नशीबवान आहेस गं! आमच्या मागं तर कुत्रंही येत नाही.’ आणि नलूनं उशीत तोंड खुपसलं होतं. ती रडत होती का काय करत होती, ते पुढच्या पानावर होतं. पुढचं पान घडीच्या आत.

“ताहेरा, ह्या पोरीचं काय खरं नाही,” मी म्हणाले.

ताहेरा माझ्या समोर बसून फर्म्यांची शिलाई करायची. तिला उर्दू थोडं वाचता यायचं, मराठी नाही. रोज काय झालं ते ती माझ्याकडून ऐकायची.

“बापाला का सांगत नाही ती?”

“बापाला कळलं तर घरात कोंडेल. तिची आत्या म्हणतेच आहे, हिला काही दिवस घरात ठेवा, वाऱ्याला उभी करू नका.”

“मग मालकाला विचार की पुढं काय झालं. त्यांनी वाचलं असंल.”

वाचताना हात थांबतो म्हणून शिरोळकरांना कामावर वाचलेलं खपायचं नाही. तरी मी धीर करून काचेच्या केबिनपाशी गेले.

“मालक, त्या नलूचं पुढं काय होतं वं?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “कोण नलू?”

“पुस्तकातली. वरचं पान दिसतंय तेवढंच बघितलं, आत नाही बघितलं.”

ते हसले. “अगं, गोड पुस्तक आहे, केराबाई. लायब्रऱ्यांत उड्या पडतील. तू घड्या सरळ घाल म्हणजे झालं.”

मी परत येऊन बसले. “गोड म्हणतायत,” मी ताहेराला सांगितलं.

“त्यांना काय, पुस्तकं म्हणजे गुळाच्या ढेपा. खपली की गोड.” तिनं दोरा दातानं तोडला.

सातवा फर्मा आला तो गुरुवारी. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मी पहिला कागद दुमडला, पट्टी फिरवली आणि पान वाचायला घेतलं. नलू संध्याकाळी रंकाळ्यावर आली होती. ‘पायरीवर तिनं चपला काढल्या. त्यांच्यावर वही ठेवली, वारा होता म्हणून वहीवर दगड ठेवला. मग साडी घोट्यापर्यंत उचलून ती पाण्याकडे उतरू लागली. काठावरच्या कुणीतरी हाक मारली. पण आता ती कुणाचं ऐकणार नव्हती.’

इथं पान संपत होतं.

दिवसभरात ती पायरी माझ्या डोळ्यांसमोर किती वेळा आली त्याला हिशेब नाही. घडी घातली की पायरी, घडी घातली की चपला, वहीवरचा दगड. दुपारी निरोप आला की प्रेसचं मशीन बिघडलंय, आठवा फर्मा कधी येईल सांगता येत नाही. मी पट्टी खाली ठेवली. ताहेरा म्हणाली, “अगं, पुस्तकातली पोरगी ती.” मी म्हणाले, “कुणाची तरी पोरगीच ना?”

साडेपाचला सुटून घरी आले तर उर्मिला आलेली नव्हती. सहा वाजले. सव्वासहा झाले. दीर ओट्यावर पेपर वाचत होते. “उर्मिला कुठाय?” त्यांनी विचारलं. “येईल, आज जादा तास आहे,” असं मी सहज म्हणाले आणि पिशवी उचलून भाजी आणायला निघाल्यासारखी बाहेर पडले. बोळ वळेपर्यंत चालले. त्यापुढे पळत सुटले.

रंकाळ्यावर गर्दी होती. पायऱ्यांवर किती तरी चपला होत्या, लोक पाय धुवायला उतरले होते. मी त्या चपला बघत सुटले. उर्मिलेची चप्पल काळ्या पट्ट्याची, अंगठ्याशी शिवलेली. अशी एक दिसली आणि मी ती उचलायला वाकले. तेवढ्यात एक म्हातारी वर आली आणि तिनं ती पायात घातली.

“कुणाला हुडकतायसा?” भेळेच्या गाडीवरच्या बाईनं विचारलं.

सांगणार तोच तिच्या गाडीच्या मागे, चुरमुऱ्यांच्या डब्यावर अंग चोरून बसलेली माझी पोर दिसली. मांडीवर नकाशाची गुंडाळी होती.

“आई? तू इथं कशी?”

मी तिचं मनगट धरलं. “चपला कुठायत तुझ्या?”

“पायात हायत की.”

मी खाली वाकून तिचे पाय चाचपले. मग तिथंच तिच्यापुढे मातीत बसले आणि मनात साठलेलं सगळं एका दमात ओकले. “कोपऱ्यावर उभा असतो. बांगड्यांच्या दुकानातनं मागल्या दारानं गेलं तरी पुढं येऊन उभा. जेवण जात नाही, पोट दुखतंय म्हणून सांगायचं. मैत्रिणी म्हणतात नशीबवान हाईस. घरात सांगावं तर कोंडून घालतील. मग माणूस पाण्याकडं येणार नाही तर काय करणार?”

मी बोलत होते ते नलूबद्दल. पण उर्मिलेचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“हे तुला कुणी सांगितलं?”

भेळवाली बाई चमचा हातात धरून उभी होती.

“उर्मे,” मी म्हणाले, “कोण उभा असतो?”

तिनं हनुवटीनं दाखवलं. स्टँडच्या बाजूला, उंबराच्या झाडाखाली एक तरुण सायकलला टेकून उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. देवळात भेटला असता तर मी त्याला प्रसाद दिला असता.

“किती दिवस?”

“गणपतीपासनं.”

म्हणजे अडीच महिने. “काही बोलला? हात लावला?”

“काहीच नाही. तेच तर. बोलला असता तर मीबी बोलले असते. नुसता मागं येतो. मी थांबले की थांबतो. एकदा घाईत मी पडले, गुंडाळी गटारीत गेली. उचलायला आला नाही, हसला नाही. मी उठेपर्यंत तसाच थांबला.” तिनं डोळे पुसले नाहीत. “मावशींनी दोन-तीनदा इथं बसू दिलं. तो कंटाळून गेला की मग घरी येते.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“तू तात्यांना सांगितलं असतंस.”

“नसतं सांगितलं.”

“मग एकटी काय करणार होतीस, आई?”

आम्ही दोघी उठून घराकडे निघालो. गंगावेशीपर्यंत मी मागे पाहिलं नाही, पण सायकल हातात धरून चालणाऱ्याच्या मागच्या चाकाची टिकटिक येत होती. आम्ही हळू झालो की ती हळू व्हायची. माझ्या मानेवर काटा आला. मी दोन पोटचे पुरले होते, नवरा गमावला होता, तरी अशी भीती मला माहीत नव्हती. ही रोज, एकटीनं, अडीच महिने माझ्या पोरीनं मानेवर वागवली होती, आणि मी तिला झुणका करून घालत होते.

शुक्रवारी सकाळी आठवा फर्मा आला.

मी घडी घातली आणि वाचलं. ‘नलू हसून हसून वाकली होती. त्याची उडालेली टोपी पाण्यातून काढून तिनं पिळली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. “आता सर्दी झाली की माझ्या नावानं शिंका,” ती म्हणाली. काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती.’

मी पुन्हा वाचलं. मग ताहेराला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती खळखळून हसली. “घ्या! जीव नाही दिला. टोपीसाठी उतरली होती बया. आता लगीन होणार बघ यांचं.”

तिचं खरं ठरलं. पुढे पुस्तक बांधून झाल्यावर मी ते कडेपर्यंत वाचलं. शेवटच्या पानावर दोघांच्या गळ्यात हार आहेत. नलूनं उशीत तोंड खुपसलं होतं ते हसू दाबायला. ते पुस्तक मुळात हसण्यासाठीच लिहिलेलं होतं. आत्याची पानं वाचताना मलाही हसू आलं, नाही कशाला म्हणू? त्याचं नाव मी सांगत नाही. लिहिणारा भला माणूस असेल, त्याची नातवंडं असतील.

पण त्या शुक्रवारी मला कालच्यापेक्षा जास्त भीती वाटली. काल निदान ते पुस्तक माझ्या बाजूनं होतं. आता वाटायला लागलं, आपलंच काही चुकत असेल का? छापणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना हे गोड वाटतंय. मग आपलीच पोर भित्री असेल. चांगल्या घरचा मुलगा दिसतो. कोण जाणे.

“ताहेरा,” मी विचारलं, “तुझ्या मागं कुणी आलं होतं कधी? लग्नाआधी?”

तिची सुई अर्ध्यात थांबली. अठरा वर्षांत मी तिचा हात थांबलेला पाहिला नव्हता.

“आलता की एक. सदर बाजारात राहायचो तेव्हा.”

“मग?”

“मग काय. अब्बांनी घर बदललं. माझी शाळा तिथंच राहिली.” तिनं सुई ओढली. “मला हसू नव्हतं आलं, केराक्का.”

थोड्या वेळानं तीच म्हणाली, “तू आज चारला जा. मालकाला मी सांगते, हिचं पोट दुखायलंय म्हणून.”

मी स्टँडच्या कोपऱ्यावर रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. तो आला होताच. सायकलीची घंटी रुमालानं पुसत होता. पाच वाजता बस आली. उर्मिला उतरली, आणि उतरताक्षणी तिची मान खांद्यांत गेली. तिनं गुंडाळी छातीशी धरली, जशी मी तिला तान्ही असताना धरायची. माझ्या मनातली शंका तिथंच मेली.

ती चालू लागली. वीस पावलांवर तो. त्याच्या मागे वीस पावलांवर मी.

आमच्या बोळाच्या तोंडाशी तो थांबला. ती घरात शिरेपर्यंत बघत राहिला, मग सायकल वळवली. मी त्याच्या मागे गेले. गंगावेशीत बाजाराची गर्दी होती, त्यामुळे तोही पायीच. एकदा त्यानं सहज वळून पाहिलं. पापाच्या तिकटीपाशी पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा तो थांबला. मीही थांबले.

“काय पाहिजे, मावशी?”

बाइंडिंगमधून निघताना मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. एक शब्दही तोंडातून बाहेर पडला नाही. मी मुद्दाम गप्प राहिले, असं मी पुढे लोकांना सांगत आले. खरं तसं नाही. तो रस्त्यात फिरून एक थोबाडीत देईल आणि लोक त्याचीच बाजू घेतील, असं वाटत होतं. मी नुसती उभी राहिले.

तो चालू लागला, मीही चालू लागले. तो एका दुकानात शिरला, मी समोर उभी राहिले. तो बाहेर आला. त्याच्या शर्टाची पाठ आता ओली झाली होती. “ओ बाई!” तो ओरडला. “कोण तुम्ही? का मागं लागलाय?” चार माणसं थबकली. त्यानं सायकलवर टांग टाकली, पण शनिवार पेठेच्या बोळात टेंपो आडवा लागला होता. तो उतरला, मागे पाहिलं, आणि सायकल तशीच भिंतीला लोटून एका घरात जवळजवळ पळतच शिरला.

मी दारात जाऊन उभी राहिले.

“आई, एक वेडी बाई लागलीय मागं,” आतून त्याचा आवाज आला.

पिठाच्या हातांनी एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची. तिच्यामागे, फणी हातात घेऊन, उर्मिलेएवढी एक मुलगी.

“कोण वं तुम्ही? माझ्या शशिकांतच्या मागं का आलाय?”

तिला बघून माझी जीभ सुटली. “मी केराबाई. उत्तरेश्वर पेठेत असते. तुमचा मुलगा गणपतीपासनं रोज माझ्या मुलीच्या मागं येतो. रंकाळा स्टँडपासनं आमच्या बोळापर्यंत. मी आज एकदाच त्याच्या मागं आले.”

“खोटं!” तो आतून म्हणाला. “म्हणजे, मी काय केलं तिला? बोललो तरी का एक शब्द? विचारा तिला. मला आवडते ती. त्यात काय वाईट आहे?”

त्याची आई कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. “बाई, वयच असं असतं,” ती चाचरत म्हणाली. “पोरगं चांगलं आहे हो. निर्व्यसनी आहे. बघूया की, जात-पात जुळत असली तर—”

“होय रे दादा?” मागची मुलगी म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. फणी तिच्या केसांतच अडकलेली होती.

“म्हणून मला एकटीला गिरणीत पाठवत नाहीस होय? बाहेर कसली कसली माणसं असतात म्हणतोस, ती हीच का?”

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या आईनं पिठाचे हात पदराला पुसायला घेतले आणि पुसतच राहिली. मी तिथून निघाले. चौकापर्यंत आले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ओकले.

इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ती बाई मनानं साधी होती. शनिवारी सकाळी आठला मुलाला न सांगता, पत्ता विचारत विचारत ती आमच्या दारात आली. दीर दारातच स्टूल मांडून, आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होते. तिनं त्यांच्यादेखत माझे हात धरले.

“बाई, माझं पोरगं चुकलं. दोन महिने-अडीच महिने तुमच्या पोरीला त्यानं तरास दिला. काल रात्री त्याच्या मामानं त्याला समोर बसवून विचारलं. पुन्हा त्या रस्त्याला दिसणार नाही. माझ्या गळ्याची शपथ.”

ती गेली. दिरांनी वस्तरा भांड्यात ठेवला. त्यांच्या एका गालावर साबण तसाच होता.

“वहिनी, मी सही करताना काय म्हणालो होतो?”

आतल्या खोलीत उर्मिलेची हालचाल थांबल्याचं मला ऐकू आलं. त्या घरात मी पंचवीस वर्षं राहत होते. त्यांच्या समोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, की त्यांच्या बोलण्यावर बोलले नव्हते. त्या माणसानं ताटाला ताट लावून माझ्या पोरीला वाढवलं होतं. त्यांच्या शब्दाबाहेर गेलं तर जायला दुसरं घर नव्हतं.

“पोरीचं नाव रस्त्यावर आलं तर कोर्स बंद, म्हणाला होता,” मी म्हणाले.

“मग?”

“पोरीचं नाव कुठं आलं, भावजी? पोराचं आलं. त्याच्या आईच्या तोंडानं, तुमच्या दारात. घरात बसवायचंच असंल कुणाला, तर त्याला बसवू दे त्यांना. माझी पोर जाणार.”

त्यांचा हात गालाकडे गेला आणि साबण लागल्यावर परत आला. मला वाटलं, आता आवाज चढेल. आता गल्ली गोळा होईल.

उर्मिला बाहेर आली. वेणी घातलेली, गुंडाळी काखेत. चप्पल घालताना तिचा अंगठा पट्ट्यात जाईना, तिनं दोनदा प्रयत्न केला. मग ती दारापर्यंत आली आणि थांबली, कारण दारात स्टूल होतं आणि स्टुलावर तिचे तात्या.

“तात्या, साडेनऊचा वर्ग आहे,” ती म्हणाली. “जाऊ मी?”

त्यांनी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. ते उठले, स्टूल उचललं, भिंतीच्या कडेला नेऊन ठेवलं आणि त्याच्यावर बसून दुसऱ्या गालाची दाढी करायला लागले.

उर्मिला दारातून बाहेर पडली.